लघवीच्या रिपोर्टमधल्या त्या दोन ओळी

लघवीच्या साध्या तपासणीचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेकांची नजर साखर, प्रथिनं आणि पू-पेशी या तीन ओळींवरून फिरते आणि थांबते. त्यांच्याच आसपास आणखी दोन ओळी असतात. एक 'बिलिरुबिन', दुसरी 'युरोबिलिनोजेन'. काही लॅब अजून जुन्या रिवाजानं 'बाइल पिगमेंट' (म्हणजे बिलिरुबिनच) आणि 'बाइल सॉल्ट' (ही वेगळी चाचणी, तिच्याबद्दल पुढं) असंही छापतात. नावं जिभेवर बसत नाहीत, समोर ठळक अक्षरांत काही नसतं, म्हणून आपण पान उलटतो.

या दोन ओळींत एक गंमत आहे. पहिलीसमोर 'निगेटिव्ह' असेल तर उत्तम. दुसरीसमोर खरोखरच शून्य असेल तर मात्र भुवई उंचवायला हवी. बिलिरुबिन लघवीत दिसताच कामा नये आणि युरोबिलिनोजेन थोडंसं असायलाच हवं. एकाचं असणं ही बातमी, दुसऱ्याचं नसणं ही बातमी. असं का, हे समजलं की यकृत आणि पित्तनलिका यांच्या आजारांचा बराचसा नकाशा डोळ्यांसमोर येतो.

आधी 'पित्त' या शब्दाचा घोळ

मराठीत पित्त हा शब्द आपण फार राबवून घेतला आहे. छातीत जळजळलं की 'पित्त झालं', अंगावर गांधी उठल्या की 'पित्त उठलं', डोकं दुखून आंबट उलटी झाली की 'पित्त पडलं'. यांतलं जळजळीचं पित्त म्हणजे जठरातलं आम्ल, आणि गांधी ही अनेकदा अ‍ॅलर्जी. इथं ज्या पित्ताबद्दल बोलायचं आहे ते वेगळंच आहे. 'मला पित्ताचा त्रास आहे, म्हणून लघवी पिवळी होते' हे वाक्य म्हणूनच दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधतं.

खरं पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा, कडू रस. दिवसाला अर्धा ते एक लिटर. यकृतातल्या बारीक नळ्या एकमेकींना मिळत मिळत एक मुख्य नळी बनते, तीच पित्तनलिका. ती लहान आतड्याच्या सुरुवातीला उघडते. पित्ताशय ही वाटेवरची साठवणीची पिशवी. पित्त दोन कामं करतं: खाल्लेल्या स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब करून ते पचायला मदत करणं, आणि शरीरातला काही कचरा आतड्यात नेऊन टाकणं. आपल्या दोन ओळींचा संबंध मुख्यतः या दुसऱ्या कामाशी आहे.

पिवळा रंग येतो कुठून

रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. रोज नव्या तयार होतात, जुन्या मोडीत निघतात. दर सेकंदाला वीस लाखांच्या वर. मोडीत निघालेल्या पेशीतलं लोह शरीर काढून घेतं आणि पुन्हा वापरतं, प्रथिनंही वाया जाऊ देत नाही. उरतो तो हीम नावाचा रंगीत सांगाडा. त्याचा आधी एक हिरवा पदार्थ होतो आणि मग पिवळा. तो पिवळा पदार्थ म्हणजे बिलिरुबिन.

हा रंगबदल तुम्ही पाहिलेला आहे. मुका मार लागल्यावर त्वचा आधी काळीनिळी होते, मग हिरवट, मग पिवळट, आणि शेवटी डाग विरून जातो. त्वचेखाली सांडलेल्या रक्ताचं हेच रसायन तिथं उघड्यावर चाललेलं असतं. शरीरात एरवी ते मुख्यतः प्लीहा आणि यकृतात, गुपचूप चालतं. निरोगी प्रौढात दिवसाला सुमारे २५० ते ३५० मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होतं. म्हणजे बिलिरुबिन तयार होणं हा आजार नव्हे. ते बाहेर न पडणं हा आजार.

तेलकट हात आणि साबण

ताज्या बिलिरुबिनची अडचण अशी की ते पाण्यात विरघळत नाही. रक्ताचा पातळ भाग तर बहुतेक पाणीच. त्यामुळे ते अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाच्या पाठीवर बसून यकृतापर्यंत प्रवास करतं. अल्ब्युमिन आकारानं मोठं. मूत्रपिंडाच्या गाळणीतून ते पलीकडे जात नाही, आणि त्याच्या पाठीवरचं बिलिरुबिनही जात नाही.

यकृतात पोचल्यावर त्याला ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड मिळते. तेलाचा हात नुसत्या पाण्यानं धुतला जात नाही, साबण लावला की जातो. यकृत हा साबण लावतं असं समजा. जोड मिळालेलं बिलिरुबिन पाण्यात विरघळतं, पित्तात सोडता येतं. साबण लागायच्या आधीच्याला आपण कच्चं म्हणू, नंतरच्याला पक्कं. रक्ताच्या रिपोर्टात यांनाच अनुक्रमे 'इनडायरेक्ट' आणि 'डायरेक्ट' म्हणतात. ही विचित्र नावं डच वैद्य हाइमान्स फान डेन बर्ग यांच्या विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या चाचणीवरून आली. पक्कं बिलिरुबिन रसायनाशी थेट रंग देई, कच्च्याला आधी अल्कोहोल घालावं लागे. नावं चिकटली ती आजतागायत.

आता पहिल्या ओळीचा अर्थ लावता येतो. कच्चं बिलिरुबिन रक्तात कितीही वाढो, लघवीत उतरू शकत नाही. लघवीत जे सापडतं ते पक्कंच. म्हणजे यकृतानं साबण लावला, माल तयार केला, पण तो पित्तातून आतड्यात न जाता मागे फिरून रक्तात आला. एवढं मोठं विधान लघवीत बुडवायच्या तपासणी-पट्टीवरचा, रंग बदलणारा एक चौकोन करतो, हे मला आजही नवलाचं वाटतं.

आतड्यातला फेरा

पक्कं बिलिरुबिन आतड्यात पोचलं की तिथले जिवाणू त्यावर काम करतात आणि त्याचं युरोबिलिनोजेन करतात. हा पदार्थ रंगहीन असतो. त्याचा पुढं हवेशी संयोग होऊन जे तपकिरी रंगद्रव्य बनतं त्यानं शौचाला तपकिरी रंग येतो. म्हणजे तो रंग मुळात जुन्या रक्ताचा आहे.

सगळंच युरोबिलिनोजेन बाहेर जात नाही. थोडा हिस्सा आतडं पुन्हा शोषतं, तो रक्तातून यकृताकडे परत जातो, आणि यकृत त्यातला बहुतेक पकडून पुन्हा पित्तात सोडतं. या फेऱ्यातून निसटणारा अगदी लहानसा भाग मूत्रपिंडातून लघवीत येतो, दिवसाला फार तर ४ मिलिग्रॅमच्या आसपास. लघवीच्या नेहमीच्या फिकट पिवळ्या रंगात युरोबिलिन या त्याच्याच पुढच्या रूपाचा मोठा वाटा आहे.

युरोबिलिनचा शोध माक्स याफे या जर्मन वैद्यानं १८६८ साली लावला. पण जिवाणू बिलिरुबिनचं रूपांतर नेमकं कोणत्या विकरानं, म्हणजे एन्झाइमनं करतात, हे कळायला २०२४ साल उजाडलं. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या आणि राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या संशोधकांनी ते विकर शोधून त्याला बिलिरुबिन रिडक्टेज असं नाव दिलं. निरोगी प्रौढांच्या आतड्यात ते जवळपास सर्वत्र सापडलं. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मात्र अनेक बाळांमध्ये ते नव्हतं.

तेव्हा युरोबिलिनोजेन लघवीत असणं म्हणजे काय? तर पित्त आतड्यापर्यंत पोचलं, तिथं जिवाणूंनी आपलं काम केलं, आणि त्यातलं थोडं परत आलं. वाट मोकळी असल्याची ती पावती आहे.

वाट तीन ठिकाणी अडते

मोरीचं उदाहरण घेऊ. मोरीत पाणी साचलं तर तीन शक्यता असतात. एक तर वरून इतकं पाणी ओतलं जातंय की मोरीला ते पेलवत नाही. किंवा मोरीची जाळीच बिघडली आहे. किंवा पुढचा नळ तुंबला आहे. साचलेलं पाणी तिन्ही वेळा सारखंच दिसतं. काविळीत डोळे तिन्ही वेळा सारखेच पिवळे दिसतात.

पहिल्या प्रकारात तांबड्या पेशी नेहमीपेक्षा खूप जास्त फुटतात. मलेरिया, सिकलसेल, न जुळणारं रक्त चढलं जाणं, अशी कारणं. कच्चं बिलिरुबिन वाढतं, ते लघवीत येत नाही. यकृत जमेल तेवढं जास्त बिलिरुबिन पक्कं करून आतड्यात ढकलतं, त्यामुळे युरोबिलिनोजेन वाढतं. म्हणजे पट्टीवर बिलिरुबिन निगेटिव्ह, युरोबिलिनोजेन वाढलेलं. यकृताचा इथं काही दोष नाही.

दुसऱ्या प्रकारात यकृताच्या पेशीच आजारी असतात. विषाणूंमुळे होणारी यकृताची सूज म्हणजे हिपॅटायटिस, दारू, काही औषधं. पक्कं बिलिरुबिन पित्तात सोडणं ही यकृतपेशीच्या कामातली सगळ्यात जिकिरीची पायरी, आणि आजारात तीच आधी कोलमडते. म्हणून पक्कं बिलिरुबिन रक्तात सांडतं आणि लघवीत दिसतं. त्याच वेळी आतड्यातून परत आलेलं युरोबिलिनोजेन पकडायला यकृताला जमत नाही, तेही लघवीत वाढतं. दोन्ही ओळी वर. सूज अगदी शिगेला पोचली की पित्त आतड्यात जाणंच जवळपास थांबतं, तेव्हा युरोबिलिनोजेन काही दिवस नाहीसं होतं आणि बरं वाटू लागताना पुन्हा उगवतं. एकाच रुग्णाचे आठवड्याभराच्या अंतरानं काढलेले दोन रिपोर्ट परस्परविरोधी वाटले तर लॅबला दोष देण्याआधी हे आठवावं.

तिसरा प्रकार नळ तुंबल्याचा. पित्तनलिकेत अडकलेला खडा, नळी आकसणं, नळीतली किंवा स्वादुपिंडाच्या डोक्याकडची गाठ. यकृत माल तयार करतं, पण पुढं जायला रस्ता नाही. पक्कं बिलिरुबिन रक्तात तुंबतं आणि लघवी गडद होते, अगदी कोऱ्या चहासारखी. आतड्यात मात्र रंगच पोचत नाही. शौच पांढुरकी, राखाडी, मातीसारखी होते आणि युरोबिलिनोजेन लघवीतून गायब होतं. अनेकांना अंगाला असह्य खाज सुटते. वर काही नाही, पुरळ नाही, तरी खाज.

'नॉर्मल' या शब्दाआड शून्य लपू शकतं

पाठ्यपुस्तकातला वरचा तक्ता फार सुबक आहे. प्रत्यक्षातल्या पट्टीची एक मर्यादा मात्र रुग्णाला सहसा कुणी सांगत नाही. युरोबिलिनोजेनच्या चौकोनावरचा सगळ्यात फिकट रंग 'नॉर्मल' म्हणून वाचला जातो. थोडंसं युरोबिलिनोजेन असेल तरी तोच रंग, आणि अजिबात नसेल तरी तोच. पट्टी वाढ ओळखू शकते, अभाव खात्रीनं ओळखू शकत नाही.

म्हणजे पित्तनलिका पूर्ण बंद असलेल्या माणसाच्या रिपोर्टात युरोबिलिनोजेनसमोर 'नॉर्मल' छापून येऊ शकतं. छापणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या हातातल्या साधनाला तो फरक दिसत नसतो. म्हणून बिलिरुबिन पॉझिटिव्ह आणि युरोबिलिनोजेन 'नॉर्मल' अशी जोडी दिसली तर दुसऱ्या शब्दावर विसंबून राहू नये. इथं खरा साक्षीदार शौचाचा रंग आहे. तो कोणत्याही यंत्राशिवाय दिसतो, आणि तो सांगायलाच लोक सगळ्यात जास्त संकोचतात.

पट्टीवर घडतं काय

पट्टीवरच्या प्रत्येक चौकोनात वेगळं रसायन वाळवून बसवलेलं असतं. बिलिरुबिनच्या चौकोनात डायझो गटातलं रसायन असतं. ते पक्क्या बिलिरुबिनशी जुळलं की चौकोन बदामी ते गुलाबीसर तपकिरी होतो. या प्रक्रियेचं मूळ पाउल एर्लिख यांच्या १८८३ च्या कामात आहे. बऱ्याच पट्ट्यांवर युरोबिलिनोजेनसाठी वापरलं जाणारं, गुलाबी रंग देणारं रसायनही त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. पुढं १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. लघवीच्या पट्टीतले हे दोन चौकोन ही त्यांची कमी गाजलेली कमाई.

'बाइल सॉल्ट' या ओळीमागची चाचणी तर शाळेच्या प्रयोगशाळेत शोभेल अशी आहे. लघवीच्या पृष्ठभागावर गंधकाची बारीक पूड भुरभुरवायची. साध्या लघवीवर ती तरंगते. लघवीत पित्तक्षार असतील तर ती बुडते, कारण हे क्षार साबणासारखे पृष्ठभागाचा ताण कमी करतात. पित्तात स्निग्ध पदार्थांचे थेंब फोडायचं काम हेच क्षार करतात. या चाचणीला 'हे टेस्ट' (Hay's test) म्हणतात, मॅथ्यू हे (Hay) या स्कॉटिश वैद्याच्या नावावरून. जुनी आणि ढोबळ चाचणी आहे, पण तिच्यातला विचार मला फार आवडतो.

लघवी गडद दिसली म्हणजे कावीळच का?

नाही. सगळ्यात सामान्य कारण पाणी कमी पडणं. सकाळची पहिली लघवी रात्रभर साठलेली असते, ती गडदच असणार. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनं लघवी झळझळीत पिवळी होते. तो त्यातल्या रायबोफ्लेविनचा रंग. क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिननं ती केशरी-लालसर होते. बीट खाल्ल्यावर काहींची गुलाबी होते. रक्त उतरलं किंवा स्नायूंना जबर इजा झाली तर लालसर ते तपकिरी.

घरी फरक करायची एक ढोबळ खूण आहे. लघवी पारदर्शक बाटलीत घेऊन हलवली तर बिलिरुबिन असताना वर येणारा फेसही पिवळा दिसतो. नुसत्या पाणी कमी पडलेल्या गडद लघवीचा फेस बहुधा पांढराच राहतो. ही खूण निदानासाठी पुरेशी नाही. रंगीत औषधं तिलाही फसवतात. पण भरपूर पाणी पिऊनही दिवसभर लघवी गडदच राहत असेल, फेस पिवळा असेल आणि कपड्यावर पिवळा डाग पडत असेल, तर तपासणी करून घ्यायला एवढं कारण पुरे.

पट्टी निगेटिव्ह आली, मग यकृत ठणठणीत?

ही सगळ्यात धोकादायक समजूत. पट्टी यकृताची तब्येत मोजत नाही. पक्कं बिलिरुबिन रक्तात सांडलंय का, एवढंच ती पाहते. यकृतात चरबी साठलेली असेल, ब किंवा क प्रकारचा हिपॅटायटिस वर्षानुवर्षं शांतपणे ठाण मांडून असेल, यकृत हळूहळू निबर होऊन सिरोसिसकडे झुकत असेल, तरी पट्टी स्वच्छ येऊ शकते. यकृताची राखीव ताकद मोठी असते. बराच भाग निकामी झाला तरी उरलेला भाग बिलिरुबिनचं काम ओढत राहतो. एका बाजूची पित्तनळीच तुंबली असेल तरी दुसरी बाजू भार उचलू शकते.

उलट दिशेनंही हेच. डोळे किंचित पिवळे आणि लघवीत बिलिरुबिन नाही, असं असेल तर गिल्बर्ट सिंड्रोमची शक्यता असते. यात कच्च्याला पक्कं करणारं विकर जन्मतःच थोडं मंद असतं. उपास घडला, जागरण झालं, ताप आला की डोळ्यांत पिवळी छटा येते आणि जाते. शंभरात साधारण तीन ते दहा जणांत हे आढळतं आणि त्यानं यकृताचं नुकसान होत नाही. अशा माणसानं आयुष्यभर कावीळ-कावीळ म्हणून औषधं घेत बसण्यात अर्थ नसतो, पण ते ठरवायला रक्ताची तपासणी लागतेच.

रक्ताची तपासणी आहे, मग ही कशाला?

रास्त प्रश्न. आजच्या काळात निदान रक्तावरच होतं, यात वाद नाही. रक्तातलं एकूण बिलिरुबिन साधारण १.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपर्यंत असतं. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसायला ते अडीच-तीनच्या पुढं जावं लागतं. मधल्या टप्प्यात माणूस 'नुसता थकलोय, तोंडाला चव नाही' म्हणत असतो. हिपॅटायटिसमध्ये त्या दिवसांतच लघवीत बिलिरुबिन उतरू लागलेलं असतं. म्हणजे डोळे बोलायच्या आधी लघवी बोलते. सुई नाही, खर्च किरकोळ, निकाल एक-दोन मिनिटांत. पहिली घंटा म्हणून पट्टीची एवढीच जागा आहे, आणि ती पुरेशी आहे.

बरं होतानाचा एक चमत्कारिक प्रकारही इथंच सांगतो. आजार ओसरला, लघवी स्वच्छ झाली, भूक परतली, तरी डोळे पिवळेच, आणि रक्तात बिलिरुबिन अजून चढं. घरचे धास्तावतात. कारण असं की आजार लांबला की पक्क्या बिलिरुबिनचा काही भाग अल्ब्युमिनला कायमचा चिकटतो. याला डेल्टा बिलिरुबिन म्हणतात. आता ते गाळणीतून जाऊ शकत नाही, लघवीत येत नाही, आणि अल्ब्युमिन मोडीत निघेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, रक्तात फिरत राहतं. अशा वेळी स्वच्छ लघवी खरी आणि पिवळे डोळे जुनी बातमी सांगत असतात.

(काविळीच्या डोळ्याला सगळं जग पिवळं दिसतं, ही म्हण मात्र वैद्यकात टिकत नाही. रुग्णाला जग नेहमीसारखंच दिसतं. पिवळा तो इतरांना दिसतो.)

नमुना देताना काय बिघडतं

बिलिरुबिनला उजेड सोसत नाही. नमुना खिडकीत तासभर पडून राहिला तर त्याचं हिरव्या रूपात रूपांतर होतं आणि पट्टी निगेटिव्ह येते. युरोबिलिनोजेनही उजेडात आणि हवेत टिकत नाही. म्हणून घरून नेलेली, उन्हातान्हातून फिरलेली बाटली या दोन ओळींपुरती जवळपास निरुपयोगी. लॅबमध्येच ताजा नमुना द्यावा.

क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या बिलिरुबिनचा चौकोन दाबून टाकतात. लघवीला रंग आणणारी औषधं खोटा पॉझिटिव्ह दाखवतात. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेल तर आतड्यातले जिवाणूच कमी होतात, त्यामुळे पित्ताची वाट मोकळी असूनही युरोबिलिनोजेन घटतं. घेत असलेल्या गोळ्यांची यादी नमुन्यासोबतच सांगावी. युरोबिलिनोजेन दुपारी दोन ते चारच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, म्हणून खास त्यासाठी नमुना हवा असेल तर दुपारचा मागतात.

बाळाची लघवी: इथं घाई हवी

नवजात बाळांची कावीळ बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. यकृताचं साबण लावायचं काम अजून अंगवळणी पडलेलं नसतं, म्हणून कच्चं बिलिरुबिन वाढतं. कच्चं म्हणजे लघवीत न येणारं. अशा बाळाची लघवी जवळजवळ पाण्यासारखी असते, लंगोटावर डाग राहत नाही.

लंगोट पिवळा होत असेल आणि शी पांढुरकी किंवा राखाडी होत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. पित्तनलिका नीट न घडण्याचा किंवा बंद होत जाण्याचा एक आजार काही बाळांना असतो, त्याला बिलिअरी अ‍ॅट्रेशिया म्हणतात. त्यावर जपानी शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात शस्त्रक्रिया शोधली, आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडण्याची. ती जितकी लवकर तितकी यशस्वी, शक्यतो वयाच्या ६० दिवसांच्या आत. उशीर झाला की यकृत निबर होत जातं आणि पुढं प्रत्यारोपणाशिवाय गत्यंतर उरत नाही. म्हणूनच तैवाननं २००४ पासून देशभर प्रत्येक बाळाच्या आरोग्य-पुस्तिकेत शीच्या रंगांचं कार्ड छापायला सुरुवात केली. आईनं रंग जुळवायचा, शंका आली की कळवायचं.

दोन आठवड्यांनंतरही बाळ पिवळं असेल तर 'जाईल आपोआप' म्हणून न थांबता रक्तातलं पक्कं बिलिरुबिन मोजून घ्यावं. इतक्या लहान बाळात युरोबिलिनोजेनच्या ओळीला अर्थ नसतो. जिवाणूच अजून पुरते वस्तीला आलेले नसतात.

पॉझिटिव्ह आलं, पुढं काय

बिलिरुबिन पॉझिटिव्ह आलं तर 'ट्रेस', म्हणजे अगदी किंचित, असलं तरी रक्ताची यकृत-तपासणी करून घ्यावी. तिथं दोन विकरं पाहतात: एसजीपीटी खूप वाढलेलं असेल तर कल यकृतपेशींच्या आजाराकडे, अल्कलाइन फॉस्फटेज त्यामानानं जास्त वाढलेलं असेल तर कल पित्तनलिकेकडे. मग सोनोग्राफी. नळ तुंबला असेल तर त्याच्या मागच्या नळ्या फुगलेल्या दिसतात. गरज पडली तर एमआरसीपी, म्हणजे चुंबकीय यंत्रानं काढलेलं पित्तनलिकेचं चित्र. खडा किंवा अडथळा काढायचा असेल तर ईआरसीपी: तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन, नलिकेचं तोंड उघडून खडा ओढून काढतात किंवा नळी उघडी ठेवायला स्टेंट, म्हणजे एक बारीक पोकळ नळी, बसवतात.

काही वेळा एवढा क्रम पाळायला सवड नसते. कावीळ, उजव्या बरगडीखाली दुखणं आणि हुडहुडी भरून ताप, हे तिन्ही एकत्र आले तर तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८७७ साली नोंदवलेलं हे त्रिकूट आजही तितकंच खरं आहे. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. काविळीत माणूस असंबद्ध बोलू लागला, नको इतका झोपाळला किंवा हिरड्यांतून रक्त येऊ लागलं तरीही तसंच. आणि उतारवयात अजिबात न दुखता आलेली, वजन घटवणारी कावीळ 'दुखत तर नाही' म्हणून सोडून देण्याची नसते. स्वादुपिंडाच्या डोक्याकडची गाठ अशीच, न दुखता येते.

अडथळा निघाला की सुधारणा ठरावीक क्रमानं दिसते. आधी शौचाला रंग परततो. लघवी फिकट होत जाते, बिलिरुबिनचा चौकोन कोरा पडतो. डोळे आणखी काही आठवडे पिवळे राहतात, डेल्टाच्या कृपेनं. आणि कधीतरी दुपारच्या एखाद्या नमुन्यात, ज्या चौकोनाकडे एरवी कुणी पाहत नाही तिथं, युरोबिलिनोजेनची पुसट गुलाबी छटा उमटते. पित्त पुन्हा आतड्यात उतरलेलं असतं आणि जिवाणू कामाला लागलेले असतात.